एकोणिसावी चौकट

तीन वर्षं ती रोज सकाळी पावणेनऊला कंपनीत हजर होत होती, आणि तीन वर्षांत एकदाही त्या माणसाला ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणायचं तिने चुकवलं नव्हतं. म्हणताना ती हसायचीसुद्धा. लोक म्हणायचे, बाई मोठ्या मनाची; नवऱ्याचं एवढं झालं तरी डूख धरला नाही. लोकांचं काय, लोक वरचं बघतात.

कंपनी लिफ्टच्या देखभालीची होती. शहरातल्या चारशे बारा इमारतींच्या लिफ्ट तिच्या अंगावर. तळमजल्यावर, मागच्या जिन्याखालच्या खोलीत कंट्रोल रूम, आणि तिथे कानाला हेडफोन लावून ही. लिफ्ट अडकली, दार लागेना, मधेच थांबली, की फोन हिच्याकडे यायचा. तक्रार ऐकून कॉम्प्युटरवर टाकायची, जवळपास कोण मेकॅनिक आहे ते बघून त्याला पाठवायचं, आणि तो पोचेपर्यंत आत अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, म्हणजे त्याचा जीव घाबरा होत नाही. अठरा वर्षं ती हे करत होती. एका गृहस्थाला तिने लिफ्टमध्ये तासभर त्याच्या सासूची गाऱ्हाणी सांगायला लावली होती. दार उघडलं तेव्हा तो म्हणाला, अजून पाच मिनिटं दिली असतीत तर संपवलं असतं. मेकॅनिक तिला कंट्रोलताई म्हणायचे.

तिचा नवरा त्याच कंपनीत मेकॅनिक होता. त्याला सगळे वस्ताद म्हणत. मशीनरूममध्ये पाऊल टाकलं की नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय. घरी मितभाषी, पण लिफ्टबद्दल विचारलं की पाण्यासारखा बोलायचा.

आणि तो माणूस म्हणजे सेवाविभागाचा प्रमुख. मेकॅनिक पाठीमागे त्याला हिरवेसाहेब म्हणायचे. आडनाव त्याचं निराळंच होतं. पण त्याच्या केबिनमध्ये भिंतभर स्क्रीन होता आणि त्यावर प्रत्येक लिफ्टचा एक चौकोन: काम झालेलं असलं तर हिरवा, राहिलेलं असलं तर पिवळा, लिफ्ट बंद असली तर लाल. महिनाअखेरीला सगळी भिंत हिरवीगार दिसली पाहिजे, हा त्याचा एकच ध्यास. त्या दिवशी मालक यायचा, भिंतीपुढे उभा राहून मान डोलवायचा. मालक त्याचा साडू होता, हेही सांगून टाकलेलं बरं.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. महिन्याची सत्तावीस तारीख. वस्तादने एका दहा मजली ऑफिसच्या इमारतीतून कंट्रोलला फोन केला. कामावर असताना तो बायकोशीही परक्यासारखा बोलायचा.

“कंट्रोल, दोन नंबरच्या लिफ्टचं ब्रेक लायनर संपलंय. पार पत्र्याला लागलंय. रिकामी लिफ्ट मजला सोडून वर सरकते. बंद ठेवा. तसं लिहा.”

तिने तसं लिहिलं, शब्दाला शब्द: ‘ब्रेक लायनर संपलं आहे, लिफ्ट बंद ठेवावी.’ त्यानेही आपल्या मोबाईलवरच्या तपासणीच्या तक्त्यात ‘ब्रेक: खराब’ असं टाकलं. वर भिंतीवर एक चौकोन लाल झाला. दहा मिनिटांत साहेबाचा वस्तादला फोन गेला, की तीन दिवस काढ, महिना संपू दे, नवं लायनर आलं की बघू. वस्ताद म्हणाला, मी लेखी दिलंय सर, पुढचं तुमचं तुम्ही बघा. संध्याकाळपर्यंत चौकोनाचा रंग तेवढा पुन्हा हिरवा झाला. लिफ्ट चालू राहिली.

तीस तारखेला त्याच लिफ्टची तक्रार आली, मजल्याच्या हातभर वर थांबते म्हणून. साहेबाने मुद्दाम वस्तादलाच पाठवलं. तो वीज बंद करून लिफ्टच्या टपावर उतरला. लिफ्ट रिकामी असली की दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलासाठी लावलेलं वजन जड पडतं, आणि तिला धरून ठेवायला उरतो एकटा ब्रेक. त्या ब्रेकने धरलं नाही. लिफ्ट सावकाश वर सरकली. पळायला जागाच नव्हती. वस्तादचं उजवं पाऊल टपाची कड आणि भिंतीची तुळई यांच्यामध्ये सापडलं. घोट्यापासून काढावं लागलं.

इस्पितळातून तो घरी आला तोवर चौकशी उरकत आली होती. चौकशीच्या टेबलावर कागद ठेवलेले होते, कॉम्प्युटरमधून छापून काढलेले. मेकॅनिकचा तक्ता: ‘ब्रेक: ठीक.’ कंट्रोलची नोंद: ‘सर्वसाधारण तपासणी.’ खाली तिचं नाव.

“हे मी लिहिलेलं नाही,” ती चौकशीत म्हणाली. “मी लायनर संपलंय असं लिहिलं होतं. मला शब्द पाठ आहेत.”

साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाला, “बाई, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण माणसाची आठवण चुकते. कॉम्प्युटरला काय कुणाची बाजू घ्यायची आहे?”

मालकाने मान डोलवली. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून वस्तादला कामावरून काढलं. तिला ठेवलं, तिच्याइतकं कंट्रोल सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं.

वस्तादने ते गिळलं. कृत्रिम पाऊल बसवून घेतलं, हातात काठी आली, आणि घराच्या पुढच्या खोलीत तो शिवणयंत्रं, पंखे, पंप, मिळेल ते दुरुस्त करायला लागला. तिला मात्र ते गिळता आलं नाही. पाय गेला हे एक, पण तिचं वाक्य कुणीतरी पुसून त्या जागी खोटं वाक्य ठेवलं होतं, आणि खाली नाव तिचं तसंच राहू दिलं होतं. नवऱ्याचा पाय तोडणाऱ्या कागदावर सही तिची. स्वयंपाक करताना, बस पकडताना, परक्याच्या गाऱ्हाण्याला हो हो म्हणताना ते तिला आतून कुरतडायचं. म्हणूनच ती नोकरी सोडून गेली नाही. तिचं वाक्य त्या कॉम्प्युटरच्या पोटात कुठेतरी असणार, एवढाच तिचा हिशेब होता. सापडेपर्यंत हसत राहायचं.

तिसऱ्या वर्षी कंपनीने जुनी यंत्रणा काढून नवी आणायचं ठरवलं. नव्या यंत्रणेत प्रत्येक ग्राहकाला आपल्या लिफ्टची माहिती थेट मोबाईलवर दिसणार होती. साहेबाचीच कल्पना. हिरवी भिंत आता चारशे बारा खिशांमध्ये जाणार, म्हणून तो हरखून गेला होता. जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत हलवण्यासाठी एक सॉफ्टवेअरवाली आली. जुने सांकेतिक आकडे कुणाला कळतात म्हणून चौकशी झाली, तर कंट्रोलताईला. साहेबाने तिलाच मदतीला दिलं.

सॉफ्टवेअरवाली तिसऱ्या महिन्याची गरोदर होती. टेबलावर बिस्किटांचा पुडा ठेवूनच बसायची आणि काम करता करता स्वतःशीच बोलायची. बाळंतपणाच्या रजेआधी काम संपवायचं, असं तिचं गणित होतं. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “ताई, हे बघा, तुमच्या जुन्या यंत्रणेने काही म्हणजे काही टाकलेलं नाही. प्रत्येक नोंदीच्या मागे तिचा इतिहास आहे. आधी काय होतं, नंतर काय झालं, कुणी बदललं, किती वाजता. कुणी कधी उघडूनच बघितलेला दिसत नाही.”

“कुठलीही नोंद बघता येते?”

“कुठलीही. तारीख सांगा.”

तिने सांगितली. तारीख सांगताना आवाज जराही हलला नाही; अठरा वर्षांची सवय. स्क्रीनवर तिचं वाक्य आलं. ब्रेक लायनर संपलं आहे, लिफ्ट बंद ठेवावी. त्याखाली: बदलून, सर्वसाधारण तपासणी. बदल करणारा: सेवाप्रमुख. वेळ, तीस तारीख, दुपारी तीन वाजून बावीस मिनिटं. म्हणजे तिचा नवरा इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलावर होता तेव्हा.

ती उठली, बाथरूममध्ये गेली, नळ सोडून बराच वेळ नुसती उभी राहिली. परत आली तेव्हा म्हणाली, “चांगली सोय आहे. मला जरा शिकवशील, कसं शोधायचं ते?”

पुढच्या पंधरवड्यात जेवायच्या सुट्टीत बसून तिने एकेक लिफ्ट तपासली. साहेबाने बदललेली ती एकच नोंद नव्हती. जिथे जिथे महिनाअखेरीला लाल दिसलं, तिथे तिथे त्याने आपल्या हाताने हिरवं केलं होतं. त्यांतल्या एक्केचाळीस लिफ्टचं ब्रेक लायनर मेकॅनिकने ‘संपलं’ लिहिलं होतं, साहेबाने ‘ठीक’ केलं होतं आणि त्यानंतर ते कधीच बदललेलं नव्हतं. त्या एक्केचाळीस लिफ्ट माणसांना घेऊन वर-खाली जात होत्या. तिने यादी एका वहीत उतरवून घेतली.

आता काय करायचं? मालकाकडे जावं तर तो साडूला आत बोलावणार, दार लावून घेणार, आणि उद्या इतिहासाचं पान गायब. सरकारी लिफ्ट निरीक्षकाला पत्र लिहावं, हेही तिच्या मनात आलं. लिहायला बसलीही. पण निरीक्षक येणार, दोन-चार लिफ्ट बघणार, साहेब कुणातरी मेकॅनिकला पुढे करणार आणि स्वतः हात झटकून मोकळा होणार. शिवाय खरं सांगायचं तर, तो एखाद्या बंद खोलीत हळूच पकडला जावा असं तिला नकोच होतं. तिच्या नवऱ्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं. सगळ्यांसमोरच हवं होतं. तिने पत्र फाडलं आणि नवी यंत्रणा सुरू व्हायची वाट बघायचं ठरवलं. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. इतिहास सापडल्याला तीन महिने होऊन गेले होते, तेव्हा एका सहा मजली इमारतीतून फोन आला. लिफ्ट मजल्याच्या वर सरकून थांबली होती आणि बाहेर पडताना एक बाई पडल्या होत्या. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, पुस्तकं बांधायचं काम करणाऱ्या. उजवं मनगट मोडलं होतं. कंट्रोलताईने रुग्णवाहिका बोलावली, मेकॅनिक पाठवला, सगळं रीतसर केलं. फोन ठेवल्यावर पर्समधून वही काढली. ती लिफ्ट यादीत तेविसावी होती. तिने वही मिटली. दुपारी साहेबाने ती नोंद ‘प्रवाशाच्या निष्काळजीपणामुळे’ अशी बदललेलीही तिने पाहिली. अजून तीन महिने, ती स्वतःला म्हणाली, आता तोंड उघडलं तर सगळंच मोडेल. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, पण ती बोलली नाही.

सॉफ्टवेअरवालीला एव्हाना खाली बसलेलं उठवत नव्हतं. यंत्रणा सुरू होण्याआधी एक अर्ज भरायचा होता: पहिल्या दिवशी प्रत्येक ग्राहकाला त्याच्या लिफ्टचा अहवाल जाणार, त्यात काय काय असावं. सत्तावीस चौकटी होत्या. हवं तिथे टिक करायची आणि खाली सेवाप्रमुखाची सही. साहेबाच्या केबिनमध्ये बैठक बसली. मालकही होता. कंट्रोलताई अर्ज मोठ्याने वाचत होती.

पहिल्या दहा चौकटींपर्यंत साहेब लक्ष देत होता. पंधराव्या चौकटीला तो मोबाईल बघायला लागला.

“एकोणीस,” ती म्हणाली. “नोंदींमधल्या बदलांच्या इतिहासासह. द्यायचा का, सर?”

“द्या ना.”

“सर, म्हणजे जुन्या यंत्रणेतला सगळाच इतिहास जाईल. विचारून घेतलेलं बरं.”

साहेबाने मान वर केली ती मालकाकडे बघत. “सगळं जाऊ द्या. आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? पारदर्शकता, पारदर्शकता म्हणतात ती हीच.”

मालकाने मान डोलवली. तिने टिक केली. सॉफ्टवेअरवालीने नियमाप्रमाणे बैठकीचा वृत्तांत लिहिला आणि साहेबाने त्यावरही सही ठोकली.

समारंभ एका सकाळी अकराला ठेवला होता. वरच्या मजल्यावरचा हॉल, मोठा पडदा, खुर्च्या, चहा. साठ-सत्तर इमारतींचे चिटणीस आणि व्यवस्थापक आले होते. साहेब नवा कोट घालून आला. बोलला छान, हे मान्य करायला हवं. विश्वास हा शब्द त्याने सात वेळा वापरला. ती मोजत होती. मग त्याने स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.

हॉलमधले मोबाईल एकामागोमाग एक वाजायला लागले. लोक हसले. साहेबही हसला. “उघडा, उघडा,” तो म्हणाला. “तुमच्या लिफ्टची कुंडली आहे.”

हळूहळू हसणं थांबलं. चष्मे पुसले गेले. दुसऱ्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या, कुठल्याशा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. वर्गात वाचावं तसं त्यांनी मोठ्याने वाचलं.

“चौदा तारीख. ब्रेक लायनर संपलं आहे, त्वरित बदलावं. लिहिणारा: मेकॅनिक. तीस तारीख. बदलून: ठीक. बदल करणारा: सेवाप्रमुख.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “सेवाप्रमुख म्हणजे तुम्हीच ना?”

“काहीतरी तांत्रिक गडबड आहे,” साहेब म्हणाला.

“माझ्यात हे पाच वेळा आहे,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमच्याकडे सात वेळा,” आणखी कुणी. “माझी आई रोज त्या लिफ्टने जाते,” एक जण अगदी हळू म्हणाला, आणि तेच सगळ्यांना ऐकू गेलं.

साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. “यंत्रणेत कुणीतरी घुसलंय,” तो म्हणाला. “हे बंद करा. परत मागे घ्या.”

सॉफ्टवेअरवाली खुर्चीतून उठली नाही. तिला ते सोपंही नव्हतं. “गेलेलं परत घेता येत नाही, सर. आणि कुणी घुसलेलं नाही. अर्जावर टिक आहे, तुमची सही आहे.”

तेव्हा त्याने कंट्रोलताईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्याकडे बघून हसली नाही.

“एकोणिसाव्या चौकटीला मी दोनदा विचारलं होतं, सर,” ती म्हणाली.

हॉलमध्ये गलका झाला तेव्हा ती तिथे नव्हती. ती खाली कंट्रोलमध्ये आली होती, कारण न आलेल्या साडेतीनशे इमारतींचे फोन सुरू झाले होते. तिने वही काढून टेबलावर उघडी ठेवली आणि क्रमाने मेकॅनिकांना सांगत सुटली: ही बंद कर, ती बंद कर, मेन स्विच पाड, दाराला पाटी लाव. मेकॅनिक एका शब्दाने उलट विचारत नव्हते. त्यांनाही आपापले पुसलेले शब्द त्या दिवशी सापडले होते.

अर्ध्या तासाने साहेब जिन्याखालच्या त्या खोलीत आला. एवढ्या वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच वाकून शिरला. कोट अंगावर नव्हता.

“वहिनी,” तो म्हणाला.

हा शब्दही पहिल्यांदाच. तिने एक कान मोकळा केला.

“वहिनी, तुम्ही एक करा. सांगा की जुनी नोंद चाचणीसाठी होती. तुमचं ऐकतील लोक. वस्तादला मी उद्याच्या उद्या परत घेतो, चांगल्या जागेवर बसवतो. माझ्या घरी म्हातारी आहे, वहिनी. मुलींची लग्नं व्हायचीत.”

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. या क्षणाची तिने इतकी उजळणी केली होती. किती वाक्यं तयार होती, एकापेक्षा एक धारदार. आता बघते तर त्यांतलं एकही वापरावंसं वाटेना. तो थरथरत होता आणि तिला ते बघायला आवडत होतं. बस, एवढंच होतं.

“माणसाची आठवण चुकते, साहेब,” ती म्हणाली. “मी नाही सांगू शकणार.” आणि फोन घेतला. “कंट्रोल. बोला.”

तिने पुढचा फोन घेतला, मग त्याच्या पुढचा. नंतर केव्हातरी तो गेलेला होता.

संध्याकाळी ती घरी आली ती हलकी होऊन. येताना बसमध्ये तिला एकटीलाच हसू येत होतं. वस्ताद पुढच्या खोलीत एक शिवणयंत्र उलटं करून बसला होता. दोन मेकॅनिकांचे फोन येऊन गेले होते, त्याला सगळं कळलं होतं. तरी तिने पहिल्यापासून सांगितलं. मुख्याध्यापिकेचा आवाज काढून दाखवला, साहेबाचा चेहरा करून दाखवला. तो ऐकत होता. मध्ये एकदा त्याने डोळे पुसले.

“म्हणजे मी लिहिलं होतं हे आता सगळ्यांना माहीत झालं,” तो म्हणाला.

“सगळ्यांना.”

“एकूण किती लिफ्ट होत्या?”

“लायनरच्या एक्केचाळीस.”

“बंद केल्या?”

“तीन वाजेपर्यंत सगळ्या.”

त्याने मान हलवली, एक स्क्रू फिरवला. मग फिरवता फिरवता थांबला. “अगं, तुला हे कधी सापडलं?”

खोटं बोलता आलं असतं. “सहा महिने होऊन गेले,” ती म्हणाली.

“सहा महिने.”

“मालकाला सांगितलं असतं तर दाबून टाकलं असतं त्यांनी. माहितीये ना तुम्हाला.”

“मी मालकाचं म्हणत नाहीये. मला सांगायचं होतंस.”

“तुम्ही काय केलं असतंत?”

“काठी टेकत टेकत एकेका इमारतीत गेलो असतो आणि मेन स्विच पाडून आलो असतो. एक्केचाळीस ठिकाणी. हाकललं असतं तर दारात बसलो असतो.”

हे खरं होतं. त्याने असंच केलं असतं, आणि साहेब सावध झाला असता. म्हणून तर तिने त्याला सांगितलं नव्हतं. तेवढ्यात तिच्या तोंडून तेविसावी लिफ्ट आणि मनगट निघून गेलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण निघून गेलं. वस्तादने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आरडाओरडा त्याच्या स्वभावात नव्हता.

“माझा पाय जाईपर्यंत त्याने तीन दिवस वाट बघितली,” तो म्हणाला. “तू सहा महिने.”

“मला त्याच्या पंगतीला बसवू नका,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मी हे तुमच्यासाठी केलं.”

“थोडं माझ्यासाठी केलंस,” तो म्हणाला, आणि पुन्हा यंत्राकडे वळला.

आठवडाभर दोघं कामापुरतं बोलत होते. मालकाने साडूला काढलं, निरीक्षकांनी कंपनीचा परवाना अडवला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. कंपनीतले लोक तिला खांद्यावर घ्यायचे बाकी होते. ती सगळं ऐकायची आणि घरी येऊन गप्प जेवायची. रविवारी ती उठली, साडी बदलली आणि त्या सहा मजली इमारतीत गेली. लिफ्टच्या दाराला पाटी होती. जिना चढून गेली.

पुस्तकं बांधणाऱ्या बाईंनी दार डाव्या हाताने उघडलं. खोलीभर सुट्या कागदांचे गठ्ठे, दोरे, सरसाचा वास. कोपऱ्यातल्या दाबयंत्रावर धूळ होती. हिने आपण कोण ते सांगितलं, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, यादीतला आकडा धरून. ऐकताना बाई उजव्या हाताची बोटं मिटून उघडून बघत होत्या. मूठ पुरती वळत नव्हती.

“मग?” त्या शेवटी म्हणाल्या. “आता माझ्याकडून काय ऐकायला आलीस?”

“काही नाही. तुम्हाला कळायला हवं होतं.”

“तुला सांगून मोकळं व्हायचं होतं. झालीस. हात माझाच आहे.” त्यांनी एक गठ्ठा सरकवून स्टूल मोकळं केलं, पण ते तिच्यासाठी नव्हतं, त्या स्वतःच बसल्या. “त्याला शिक्षा होणार आहे का?”

“होईल. मी साक्ष देणार आहे.”

“छान. व्हायलाच हवी. मीही येणार आहे बघायला.” त्यांचा चेहरा कठीण झाला होता. “पण तिथे तुला विचारतील, तुला कधीपासून माहीत होतं. तेव्हा हे इथे सांगितलंस तसंच सांगायचं. माझं मनगट वगळायचं नाही. तुझं वाक्य पुसलं म्हणून तू एवढं केलंस ना, मग माझं पुसू नकोस.”

खटला सव्वा वर्षाने उभा राहिला. साहेबाच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं, आवाज चढवून, कागद हलवून. तिने सांगितलं: सापडलं कधी, गप्प का बसले, तेविसावी लिफ्ट कुठली, मनगट कुणाचं. वकिलाने म्हटलं, म्हणजे तुम्हाला माणसांच्या जिवापेक्षा सूड मोठा होता. ती म्हणाली, “तेव्हा होता.” न्यायाधीशांनी तिलाही चार शब्द सुनावले. ते तिने मान वर ठेवून ऐकले, कारण मागच्या बाकावर त्या बाई बसलेल्या होत्या आणि त्यांच्यासमोर तिला मान खाली घालून सुटायचं नव्हतं. साहेबाला दोन वर्षांची कैद झाली. शिक्षा ऐकताना त्याने बाकाची कड घट्ट धरली, आणि तिने त्याच्यावरून नजर हलवली नाही. एवढं सगळं होऊनही तिच्या पोटात थंडावा पडला, तो काही तिला नाकारता आला नाही.

कंपनी दुसऱ्या लोकांनी घेतली. त्यांनी वस्तादला नव्या मेकॅनिकांना शिकवायला बोलावलं. तिने मात्र कंट्रोल सोडलं आणि एका इस्पितळाच्या टेलिफोनवर लागली. तिथे पहिल्याच आठवड्यात तिला दिसलं की एका वॉर्डातल्या रुग्णांनी नर्सला बोलवायला वाजवलेल्या घंटीच्या नोंदी रोज सकाळी कुणीतरी कमी करतंय. ती दुपारच्या सुट्टीची वाट न बघता जागेवरून उठली, मुख्य परिचारिकेच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, “मला काहीतरी दाखवायचंय. आत्ताच चला.”